ज्येष्ठांसाठी पहिलंच अ‍ॅप करताय? आधी एवढंच सांभाळा

घाबरू नका, सुरुवातीला दोन-तीन गोष्टी जमल्या तरी पुष्कळ.

पहिलं अक्षर. देवनागरी मजकूर मी १८ पिक्सेलच्या खाली नेत नाही. ओळींत जागाही सोडा, नाहीतर वरचा उकार खालच्या वेलांटीला भिडतो. पांढऱ्यावर फिकट करडं दिसतं देखणं, पण मोतीबिंदूवाल्याला ते कोरं पान! डब्ल्यूसीएजीनुसार (वेब सगळ्यांना वापरता यावं यासाठीची आंतरराष्ट्रीय नियमावली) साध्या मजकुराला किमान ४.५:१ कॉन्ट्रास्ट, म्हणजे अक्षर आणि मागचा रंग यांच्या उजळपणातला फरक, लागतो. मी ७:१ धरतो. मग फोनच्या सेटिंगमध्ये अक्षर सर्वांत मोठं करून बघा. बटणावरचे शब्द कापले गेले? नवशिक्यांची ही हमखास चूक.

बटणं निदान ४८ डीपीची (डीपी म्हणजे कुठल्याही स्क्रीनवर साधारण तेवढंच दिसणारं अँड्रॉइडचं माप) हवीत, आणि नुसतं चित्र नको, शब्दही लिहा. तीन आडव्या रेघा म्हणजे मेनू, हे माझ्या आईला कुणी सांगितलंच नव्हतं.

ओटीपी बघून परत येईपर्यंत भरलेला फॉर्म पुसू नका. माणूस अ‍ॅपला नाही, स्वतःलाच दोष देतो: ‘आता नाही बाबा जमत.’

आवाजी सूचना वगैरे नंतर पाहू. आधी सत्तरीतल्या दोघा-तिघांच्या हाती फोन द्या आणि गप्प बसा. मध्येच बोट दाखवावंसं वाटेल; हाताची घडी घाला.