फेज येतील तेव्हा येतील, दाढेतला पू आज काढा

जिवाणूंना मारणाऱ्या विषाणूंना बॅक्टेरिओफेज म्हणतात, थोडक्यात फेज. त्यांच्याबद्दल येणाऱ्या बहुतेक प्रश्नांत एकच गोंधळ दिसतो: औषध सापडले आहे, मग दंतवैद्य ते देत का नाहीत? म्हणून निवडक प्रश्न एकत्र घेतले आहेत.

प्रश्न: फेज हा विषाणूच ना? तो मुद्दाम तोंडात सोडला तर मलाच आजार होणार नाही का?

फेजमुळे तुम्हाला संसर्ग होणार नाही. फेज जिवाणूच्या अंगावरच्या ठरावीक खुणेलाच चिकटतो आणि ती खूण माणसाच्या पेशीवर नसते. तुमच्या लाळेत आत्ताही असंख्य फेज आहेत. धोका असलाच तर तो नीट शुद्ध न केलेल्या मिश्रणाचा. त्यात फुटलेल्या जिवाणूंचे विषारी अंश राहून जातात.

प्रश्न: ‘फेजयुक्त’ माउथवॉशची जाहिरात पाहिली. ‘तोंडातील सर्व जंतूंचा नाश’ असे लिहिले आहे. घ्यावा का?

घेऊ नका. ‘सर्व जंतूंचा’ असे म्हणणाऱ्याला फेज कळलेला नाही किंवा तो तुम्हाला कळू द्यायचा नाही. एक फेज सहसा एकाच जातीचे जिवाणू मारतो, कित्येकदा त्या जातीतलेही काहीच. म्हणून प्रयोगशाळेत आधी रुग्णाचे जिवाणू काचेच्या बशीत वाढवतात. बशीभर दुधट साय धरल्यासारखा थर येतो. त्यावर फेजचा थेंब ठेवतात. दुसऱ्या दिवशी थेंबाच्या जागी स्वच्छ गोल खिडकी दिसली तर तो फेज तुमच्या जिवाणूला लागू आहे. थर जसाच्या तसा राहिला तर त्या फेजचा तुम्हाला उपयोग शून्य. ही चाचणी न करता विकलेली बाटली म्हणजे कुलूप न पाहता विकलेली किल्ली.

आणखी एक. काही फेज जिवाणूला न मारता त्याच्या जनुकांत लपून बसतात, क्वचित विष तयार करणारी जनुकेही त्याला देऊन जातात. उपचारासाठी असे फेज वगळावे लागतात. बाटलीत कोणता फेज आहे, कोणत्या जिवाणूवर आहे, त्यात लपून बसणारे नाहीत हे कोणी तपासले, हे तीन प्रश्न विक्रेत्याला विचारा. उत्तर लेखी मिळाले तर ते आपल्या दंतवैद्याला दाखवा.

प्रश्न: नदीच्या पाण्यात फेज असतात म्हणे. त्याच्या गुळण्या केल्या तर?

करू नका. १८९६ साली हँकिन या ब्रिटिश जिवाणुशास्त्रज्ञाने गंगा-यमुनेच्या पाण्यात कॉलऱ्याचे जंतू मरतात असे नोंदवले होते, दातांचे नव्हे. आणि त्या पाण्यात फेजबरोबर जंतूही असतात.

प्रश्न: कीड लावणारा स्ट्रेप्टोकॉकस म्युटन्स फेजने मारला की दात किडणे कायमचे बंद होईल?

नाही. तोंडात ७००हून अधिक जातींचे जिवाणू आढळतात आणि आम्ल तयार करणारा हा एकटाच नाही. शिवाय पडलेला खड्डा कोणताही फेज भरत नाही. तो दंतवैद्याकडूनच भरून घ्या.

प्रश्न: खालच्या दाढेच्या मुळाशी पू होतो. आठ महिन्यांत तीनदा सूज आली, तीनदा अँटिबायोटिकच्या गोळ्यांनी उतरली. रूट कॅनाल सांगितले आहे. फेजचे औषध येईपर्यंत थांबावे म्हणतो. चालेल का?

चालणार नाही. हेच पत्र मला नावे बदलून सतत येते, म्हणून सविस्तर लिहितो.

गोळीने सूज उतरली म्हणजे आजार गेला, हा समज आधी सोडा. दाढेची नस मेली की मुळातल्या नळीत रक्त पोहोचत नाही. गोळीतले औषध रक्तातूनच फिरते, त्यामुळे ते आजूबाजूची सूज आवरते, पण नळीतला अड्डा तसाच राहतो. आठ-दहा आठवड्यांनी तो पुन्हा डोके वर काढतो. दरम्यान औषधाला न जुमानणारे जिवाणू तेवढे निवडून वाढलेले असतात. तीन वेळा गोळ्या घेऊन तुम्ही आजार बरा केला नाहीत, त्याला सराव दिलात.

आता फेजचे. एन्टेरोकॉकस फीकॅलिस नावाचा चिवट जिवाणू रूट कॅनाल झालेल्या दातांतही पुन्हा संसर्ग करताना सापडतो. २०१५ साली जेरुसलेममधील संशोधकांनी सांडपाण्यातून त्याच्यावर चालणारा फेज वेगळा काढला आणि काढलेल्या मानवी दातांच्या मुळांत वापरून पाहिला. तिथे तो प्रभावी ठरला. मला या कामाचा मनापासून आनंद आहे. पण तो काढलेला दात होता. तुमच्या जबड्यात पू, मेलेली नस आणि चिकट थरात दडलेले अनेक जातींचे जिवाणू एकत्र आहेत.

रूट कॅनाल करताना मी नळीत पहिली फाइल, म्हणजे नळी खरवडायची बारीक सुई, घालतो तिचे टोक ०.१० मिलिमीटरचे असते. ती बाहेर काढल्यावर टोकाला करड्या रंगाचा, कुजका वास येणारा लगदा लागलेला असतो. तो खरवडून, धुऊन काढल्याशिवाय आत काहीच नीट पोहोचत नाही, औषधही नाही आणि उद्या येणारा फेजही नाही. फेज आला तरी तो या सफाईच्या जोडीला येईल, तिच्याऐवजी नाही. म्हणजे तुम्ही ज्याची वाट पाहत आहात त्यालाही आधी रूट कॅनालच लागणार.

थांबलात तर मुळाभोवतीचे हाड झिजत राहते आणि वाचणारी दाढ काढावी लागते. या आठवड्यात एक्स-रे घेऊन दंतवैद्याला भेटा. जिभेखाली किंवा हनुवटीखाली सूज, ताप, तोंड न उघडणे, गिळताना किंवा श्वास घेताना त्रास, यातले काहीही दिसले तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठा.

प्रश्न: हिरड्यांतून रक्त येते. फेजने थांबेल?

आधी कीटण काढून घ्या. मधुमेह असेल तर साखरही तपासा.

प्रश्न: फेज घेतल्यावर अँटिबायोटिक बंद करता येते का?

स्वतःहून कधीच नाही. २०१६ साली अमेरिकेत सॅन दिएगोत टॉम पॅटरसन या रुग्णाला असिनेटोबॅक्टर या जिवाणूच्या जीवघेण्या संसर्गातून फेजने वाचवले, तेव्हा अँटिबायोटिक सोबत चालूच होते. वर्तमानपत्रांत फक्त फेज आला.

प्रश्न: मग फेजचा उपचार खरोखर मिळतो कुठे?

जॉर्जिया या देशात तिबिलिसीच्या एलियावा संस्थेत ही परंपरा १९२३पासून आहे. बेल्जियममध्ये २०१८पासून डॉक्टरांच्या चिठ्ठीवर औषधनिर्माते रुग्णापुरते मिश्रण बनवू शकतात. हे मुख्यतः दुसरे औषध न उरलेल्या गंभीर संसर्गासाठी आहे. तुमचा संसर्ग त्यात बसतो का, हे संसर्गरोगतज्ज्ञ ठरवतील आणि त्यासाठी त्यांना तुमच्या पुवाचा कल्चर अहवाल, म्हणजे त्यातले जिवाणू वाढवून ओळखल्याचा अहवाल, लागेल. अँटिबायोटिक सुरू करण्याआधी नमुना द्यावा का, हे दंतवैद्याला पहिल्याच भेटीत विचारा.