दुसऱ्या साइट्स माझ्या डाउनलोड फाइल्सना परस्पर लिंक देतात, ते कसं थांबवू?

तुमचा त्रास असा दिसतोय: तुमच्या पीडीएफ आणि झिप फाइल्सना दुसऱ्या साइट्स परस्पर लिंक देतात, त्यांचे वाचक तुमचं पान न उघडताच फाइल घेऊन जातात आणि बँडविड्थ मात्र तुमची संपते. कुणीतरी एचटीअ‍ॅक्सेस फाइलमध्ये (अपाचे या वेब सर्व्हरच्या सेटिंगची फाइल) टाकायला एक नियम दिलाय आणि तो पुरेल का, असं तुम्ही विचारताय.

नाही पुरणार. दुसऱ्याच्या पानावर दिसणाऱ्या चित्रांसाठी तो बऱ्यापैकी चालतो, पण डाउनलोडसाठी लंगडा पडतो. मी हे सगळं करून बसलोय, म्हणून सविस्तर लिहितो.

फाइल मागताना ब्राउझर बहुतेक वेळा आपण कोणत्या साइटवरून आलो हेही कळवतो. तो रेफरर हेडर. नियम एवढंच बघतो की रेफरर तुमच्या साइटचा आहे का, आणि नसेल तर ४०३ (‘परवानगी नाही’ हा कोड) देऊन परत पाठवतो. (नियम हाताने लिहिणार असाल तर एक सांभाळा. या हेडरच्या इंग्रजी नावात एक ‘आर’ कमी आहे. ती चूक १९९६ च्या एचटीटीपी १.० च्या दस्तऐवजातही तशीच छापली गेली आणि आजही तेच स्पेलिंग चालतं. शुद्ध लिहिलंत तर नियम चालणार नाही.)

खरी अडचण रिकाम्या रेफररची आहे. माझ्याकडे ऑडिओ धड्यांच्या झिप फाइल्स आहेत, एकेक साधारण ४० एमबीची. अशा ५०० प्रती उतरल्या की २० जीबी गेलेच. एकदा लॉग (सर्व्हरकडे आलेल्या मागण्यांची नोंद) उघडला तर एकाच आयपीवरून एकाच फाइलच्या लागोपाठ आठ ओळी, सगळ्यांपुढे २०६ (फाइलचा फक्त तुकडा दिल्याचा कोड). म्हणजे डाउनलोड मॅनेजर फाइलचे आठ तुकडे करून ओढत होता, आणि रेफररच्या रकान्यात एका अनोळखी साइटचा पत्ता. मी रागाच्या भरात कडक नियम लावला: आमचा रेफरर नसेल तर फाइल नाही. दोन दिवसांत माझ्याच वाचकांच्या मेल आल्या की फाइल उघडत नाही. कुणी लिंक बुकमार्क करून ठेवली होती, कुणी मेलमधून उघडत होतं, कुणाचा ब्राउझर रेफरर पाठवतच नव्हता. मला फार वाईट वाटलं, कारण हे धडे मी ज्यांच्यासाठी ठेवले होते तेच दाराबाहेर उभे होते.

मग रिकाम्या रेफररला परवानगी दिली. समोरच्या साइटने लिंकला ‘नोरेफरर’ (रेफरर पाठवू नको, ही ब्राउझरला सूचना) लावलं आणि विषय संपला. लॉगमध्ये डाउनलोड तेवढेच, फक्त रेफररच्या रकान्यात नुसती आडवी रेघ. शिवाय ब्राउझरशिवाय फाइल मागणाऱ्या कर्लसारख्या साधनाला हवा तो रेफरर लिहून पाठवता येतोच.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे की माणूस कुठून आला हे विचारत बसू नका, त्याच्या हातातली लिंक आपण दिलेली आहे का ते बघा. फाइल्स वेबच्या फोल्डरमधून बाहेर काढा, म्हणजे त्यांना कायमचा पत्ताच उरत नाही. पानावर डाउनलोडचं बटण ठेवा. ते दाबलं की सर्व्हरवरचा छोटा प्रोग्राम फाइलचं नाव आणि मुदतीची वेळ घेतो, तुमच्या गुप्त किल्लीने त्यावर एचमॅक पद्धतीने (किल्लीशिवाय बनवता न येणारा कोड) सही करतो आणि सहीची लिंक देतो. लिंक परत आली की आधी मुदत बघायची, मग सही पुन्हा काढून जुळवायची. पीएचपी भाषेत हे पाच-सात ओळींत होतं, फक्त सह्यांची तुलना साध्या बरोबरच्या चिन्हाने न करता हॅश-इक्वल्स फंक्शनने करा. एनजिनएक्स या वेब सर्व्हरमध्ये सिक्युअर लिंक नावाचं मॉड्यूल यासाठीच आहे.

बटण म्हणजे साधी लिंक नको, पोस्ट पद्धतीचा फॉर्म ठेवा. नाहीतर लोक त्या प्रोग्रामलाच लिंक देतील आणि तो इमानेइतबारे प्रत्येकाला ताजी सही देत बसेल. माझं नेमकं हेच झालं होतं.

मुदत किती ठेवायची? पाच मिनिटं ठेवू नका. सुरू झालेला डाउनलोड मुदत संपली म्हणून तुटत नाही, पण नेट मध्येच गेलं आणि ब्राउझरने उरलेला भाग मागितला, तर ती नवी मागणी असते आणि सही पुन्हा तपासली जाते. मी सहा तास ठेवतो. सही आयपीशी बांधण्याचा सल्ला मिळेल, तो ऐकू नका. मोबाइलवरच्या माणसाचा आयपी डाउनलोड चालू असतानाही बदलू शकतो.

मोठी फाइल पीएचपीतून वाचून पाठवू नका. प्रोग्रामने फक्त सही तपासावी आणि फाइल देण्याचं काम सर्व्हरवर सोपवावं. त्यासाठीचं हेडर अपाचेत एक्स-सेंडफाइल, एनजिनएक्समध्ये एक्स-अ‍ॅक्सेल-रीडायरेक्ट. तुकड्यातुकड्याने डाउनलोड करणं मग सर्व्हरच सांभाळतो. पुढे सीडीएन (फाइलच्या प्रती साठवून वाटणारी सेवा) असेल तर तपासणी तिथेही लावावी लागेल, कारण तिथे साठवलेली प्रत तुमच्या सर्व्हरला न विचारताच दिली जाते.

मुदत संपलेली लिंक घेऊन कुणी आलं तर त्याला ४०३ दाखवू नका, त्या फाइलच्या पानावर पाठवा. दुसऱ्या साइटवरून आलेला माणूसही शेवटी तुमचाच वाचक होऊ शकतो. हे रीडायरेक्ट (दुसऱ्या पत्त्यावर पाठवणं) ३०२, म्हणजे तात्पुरतं ठेवा. ३०१ म्हणजे कायमचं, ते ब्राउझर लक्षात ठेवतो, आणि पुढे कधी त्या पत्त्यावर दुसरं काही ठेवलंत तरी तो जुन्याच जागी नेत राहतो.

फाइल उतरवून स्वतःच्या सर्व्हरवर चढवणाऱ्याला यातलं काहीच अडवत नाही. तिथे त्या साइटच्या होस्टिंग कंपनीकडे कॉपीराइटची तक्रार करावी लागते. आणि शोधयंत्रांतून लोक थेट तुमच्या पीडीएफवर येत असतील तर तीही वाट बंद होईल, तेव्हा ज्या फाइल्स शोधात सापडायला हव्यात त्या यातून वगळा. मी माझी छोटी पत्रकं उघडीच ठेवली आहेत, फक्त झिप फाइल्स सहीमागे आहेत.