शंकरपाळीचा कोपरा आणि कागदी गुण्या

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तिसरी-चौथीच्या मुलांना अंगणात नेऊन नुसतं ‘दार आयत, ताट वर्तुळ’ वदवून घेऊ नकोस. नावं ती दिवसभरात पाठ करतात. त्याआधी त्यांच्या हातात गवंड्याचा गुण्या, म्हणजे काटकोन तपासायचं साधन दे, कागदाचा.

वर्तमानपत्राचा वेडावाकडा फाडलेला तुकडा घ्यायचा. कडा सरळ असल्या तर मुलं कागदाचा आयता कोपराच वापरतात. एक घडी घालून नखाने दाबायची. मग त्या घडीची कड तिच्यावरच तंतोतंत बसेल अशी दुसरी घडी. झाला काटकोन. दुसरी घडी जरा सरकली तरी कोन बिघडतो, म्हणून चौघांचे कोपरे एका बिंदूभोवती जोडून पाहा. फट राहिली किंवा कागद एकमेकांवर चढले, तर घडी पुन्हा.

आता पाच बाय पाच ठिपक्यांची रांगोळी काढ आणि चारही बाजूंचे मधले ठिपके जोड. मुलं म्हणतील, ‘ही शंकरपाळी!’ लगेच चूक दाखवू नकोस. गुण्या लावू दे. चारही कोपरे बसतात, बाजूही सारख्या, म्हणजे तिरका असला तरी चौरसच. खरी शंकरपाळीही आण. बाजू जवळपास सारख्या, पण दोन कोपरे गुण्यापेक्षा अरुंद, दोन रुंद. आकार ओळखायचा तो कोपऱ्यांवरून आणि बाजूंवरून, कसा ठेवलाय यावरून नाही. ही गोष्ट पक्की व्हायला दोन-तीन तास गेले तरी जाऊ देत.

मैदानावर सुती दोरीला 30 सेंटिमीटरवर एक अशा 12 भागांच्या खुणा कर. गाठी दोरी खातात, म्हणून स्केचपेनने. टोकं जोडून तिघांनी 0, 3 आणि 7 या खुणांवर दोरी ताणली की 3 वर काटकोन होतो. कारण सांगायची घाई नको. गवंडी पाया आखताना हेच करतात, एवढं पुरे.

वर्तुळ आखताना खुंटीला दोरी करकचून बांधू नकोस, सैल फास ठेव. नाहीतर अडीच सेंटिमीटर जाडीच्या खुंटीवर एका फेरीत जवळपास आठ सेंटिमीटर दोरी गुंडाळली जाते आणि वर्तुळाची टोकं जुळत नाहीत.

विटेला कुणी आयत म्हटलं, तर तिचे सहाही पृष्ठभाग खडूने जमिनीवर गिरवायला लाव. आयत सहा, पण मापं तीनच निघतील.

कळावे, लोभ असावा.