कुठल्या देशात जाऊ? तेवीस रकान्यांच्या तक्त्याची गोष्ट

तिने लॅपटॉप उघडला आणि माझ्याकडे वळवला. सात देश, एकतीस विद्यापीठं, तेवीस रकाने. फी, राहण्याचा खर्च, रँकिंग, हवामान, सुरक्षितता, पदवीनंतर काम शोधायला मिळणारी मुदत. काही चौकोन हिरवे, काही पिवळे, काही लाल. शेवटच्या रकान्यात प्रत्येक विद्यापीठाला शंभरपैकी गुण.

"मग पहिलं कोण आलं?" मी विचारलं.

"तोच तर प्रॉब्लेम आहे मॅडम. दर आठवड्याला वेगळंच येतं."

का येतं तेही तिला कळत होतं. मामांचा फोन आला की सुरक्षिततेचं वजन वाढायचं, एखादा व्हिडिओ पाहिला की नोकरीचं. अर्ज करायच्या मुदती जवळ येत होत्या आणि चार महिने ती याच तक्त्यात अडकून पडली होती. "चुकीचा देश निवडला तर काय?" हा प्रश्न तिने पहिल्या तासाभरात पाच वेळा तरी विचारला असेल. परदेशी शिक्षणाच्या सल्ल्यासाठी माझ्याकडे येणाऱ्या जवळजवळ प्रत्येक मुलाचा हा प्रश्न असतो, म्हणून तिची गोष्ट सांगते आहे. तिची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

तिची पदवी भूशास्त्राची. "शिकायचं काय आहे?" असं विचारल्यावर ती क्षणभर थांबली, मग एकदम बोलायला लागली. जमिनीखालचं पाणी कसं वाहतं, ते दूषित झालं तर किती वर्षं तसंच राहतं, विहिरीतली पातळी मोजताना माणसं कुठे चुकतात. पंधरा मिनिटं ती तक्त्याकडे न पाहता बोलत होती. मी मध्येच विचारलं, "हे तक्त्यात कुठे आहे?" तेवीस रकान्यांत भूजल हा शब्द एकदाही नव्हता. 'कोर्स' नावाचा एक रकाना होता, त्यात सगळीकडे 'हो' लिहिलेलं.

रँकिंगला मात्र पंचवीस गुण होते. रँकिंग कशाने ठरतं हे बहुतेक मुलांनी कधी पाहिलेलं नसतं, त्यामुळे यावर मी जरा जास्त वेळ घालवते. शांघायहून २००३ पासून निघणाऱ्या यादीत ३० टक्के गुण नोबेल आणि गणितातल्या फील्ड्स पदकांचे असतात: माजी विद्यार्थ्यांना मिळालेल्यांचे १०, प्राध्यापकांना मिळालेल्यांचे २०. भूशास्त्राला नोबेल नाहीच. म्हणजे तिचा विभाग कितीही उत्तम असला तरी त्या ३० टक्क्यांत त्याची भर जवळपास शून्य. क्यूएस या दुसऱ्या प्रसिद्ध यादीतही मोठा वाटा प्रतिष्ठेच्या पाहणीचा असतो. म्हणून तर भूजलशास्त्रात ज्याचं नाव जगभर आदराने घेतात ते कॅनडातलं वॉटर्लू विद्यापीठ तिच्या तक्त्यात कुठेतरी मधेच पडलं होतं आणि स्वित्झर्लंडमधलं न्यूशातेल, जिथे या विषयासाठी स्वतंत्र केंद्र आहे, ते तक्त्यातच नव्हतं. घरात कुणी नाव ऐकलेलं नव्हतं ना!

पण तिचा खरा जीव अडकला होता तो 'पदवीनंतरची मुदत' या रकान्यात. देशांची निवड तिथेच होत होती. जिथे मुदत जास्त तो देश हिरवा. इथे मला माझी एक जुनी चूक तिला सांगावी लागली.

२०१० च्या शेवटी एक मुलगा माझ्याकडे आला होता. ब्रिटनमध्ये एका वर्षाची मास्टर्स आणि नंतर दोन वर्षं कामाची परवानगी, असं त्याचं गणित होतं. मला ते चोख वाटलं, मी शाबासकीसुद्धा दिली. मार्च २०११ मध्ये तिथल्या सरकारने ती परवानगी बंद करणार असल्याचं जाहीर केलं. तोवर त्याचा प्रवेश झाला होता, पैसे भरले होते आणि मनाने तो कधीच जाऊन पोहोचला होता. तो गेला. एप्रिल २०१२ मध्ये योजना बंद झाली, त्याची पदवी हातात यायच्या काही महिने आधी. विषय त्याने असाच, 'चालेल' म्हणून घेतला होता. त्यामुळे परवानगी गेल्यावर हातात उरलं काय, हा प्रश्न त्याला फार बोचला. मलाही.

तशीच सोय ब्रिटनने जुलै २०२१ मध्ये पुन्हा सुरू केली. आता तिची दोन वर्षं दीडवर येत आहेत, १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्यांसाठी. पीएचडीवाल्यांची तीन वर्षं तशीच. कॅनडाने २०२४ मध्ये विद्यार्थ्यांच्या परवान्यांवर मर्यादा घातली. ऑस्ट्रेलियाने जुलै २०२४ मध्ये पदवीनंतरच्या व्हिसाची वयोमर्यादा बहुतेकांसाठी ५० वरून ३५ वर आणली. नॉर्वेत शिक्षण सगळ्यांनाच फुकट होतं. २०२३ पासून युरोपबाहेरच्या मुलांना फी भरावी लागते. झुरिकच्या ईटीएच विद्यापीठाने २०२५ च्या शरद सत्रापासून नव्या परदेशी विद्यार्थ्यांची फी तिप्पट केली. मी यात कुणाला दोष देत नाही. हे नियम त्या त्या देशाच्या राजकारणातून येतात, आपल्या सोयीसाठी नाही. पण तुमचा अर्ज ते पदवी हा काळ अडीच-तीन वर्षांचा, आणि तेवढ्यात एखादी निवडणूक सहज होऊन जाते.

म्हणून मी तिला सांगितलं, "हा रकाना पुसून टाक. सगळीकडे शून्य धर. आता सांग, यातला कुठला अभ्यासक्रम तू तरीही करशील?"

तिला राग आला. "मग कर्ज कसं फेडणार?"

"तो प्रश्न खरा आहे. पण तो या रकान्याने सुटत नाही, फक्त झाकला जातो."

मुदतीला काहीच किंमत नाही असं मी म्हणत नाही. शेवटी दोन पर्याय बरोबरीला आले तर जरूर पाहावी. पाया म्हणून नको, एवढंच.

घरी जाऊन तिने रकाना पुसला. पुढच्या आठवड्यात आली तेव्हा एकतीसची अकरा झाली होती, कारण वीस अभ्यासक्रम तिला मुळात नकोच होते. ते देशाच्या शेपटीला लटकून आले होते. उरलेल्या अकरांचे विषय तिने पहिल्यांदाच एकेक करून वाचले. जर्मन विद्यापीठं प्रत्येक विषयात काय शिकवणार, किती तास, परीक्षा कशी, हे सगळं असलेलं मॉड्यूल हँडबुक संकेतस्थळावर ठेवतात. ते वाचायला मी सगळ्यांनाच सांगते. कंटाळवाणं असतं. पण दोन वर्षं जे करायचं ते वाचतानाच कंटाळा आला तर तेही कळलेलं बरं. परीक्षेचे नियमही तिथेच सापडतात. तिथे बऱ्याच ठिकाणी एका पेपराला ठरावीकच, बहुधा तीन, संधी असतात. शेवटची गेली तर तो अभ्यासक्रम त्या देशात पुन्हा करता येत नाही. ही गोष्ट तिला कुठल्याच व्हिडिओने सांगितली नव्हती.

याच वाचनात ट्युबिंगेन सापडलं. नेकार नदीवरचं लहानसं गाव आणि जुनं विद्यापीठ. पर्यावरणाशी निगडित भूशास्त्राची इंग्रजीतली मास्टर्स, त्यात भूजलावर भरपूर भर. तिच्या तक्त्यात ते नव्हतं, कारण जर्मनीसाठी तिने 'फी नको' अशी चाळणी लावली होती. ट्युबिंगेन ज्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्यात आहे, तिथे २०१७ च्या हिवाळी सत्रापासून युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना सेमिस्टरला १,५०० युरो पडतात. एका चाळणीत अख्खं राज्य गळालं होतं. फी नाही म्हणून मोठ्या महागड्या शहरात जाणाऱ्या मुलांचे तेवढेच पैसे दोन वर्षांत नुसत्या जास्तीच्या भाड्यात जातात, हे मी पुष्कळदा पाहिलं आहे.

पैशांचा रकाना आम्ही वेगळा काढला, कारण त्यात दोन ठिकाणी घोळ होता. एक म्हणजे शिळे आकडे. कॅनडासाठी तिने राहण्याखाण्याची दाखवायची रक्कम वर्षाला १०,००० डॉलर धरली होती. कित्येक वर्षं ती तेवढीच होती हे खरं, पण जानेवारी २०२४ मध्ये ती २०,६३५ झाली आणि सप्टेंबर २०२५ मध्ये २२,८९५. दुसरा घोळ मोठा होता. पहिल्या महिन्यापासून पार्टटाइम कामाची पूर्ण कमाई जमेला धरलेली! ब्रिटनमध्ये सत्र चालू असताना आठवड्याला २० तास, ऑस्ट्रेलियात पंधरवड्याला ४८, कॅनडात कॅम्पसबाहेर आठवड्याला २४, अमेरिकेत पहिलं वर्ष कॅम्पसबाहेर कामच नाही. या कमाल मर्यादा आहेत, काम मिळेलच याची हमी नव्हे. मी तिथेही शून्य लिहायला लावलं. जर्मनीत खात्यात वर्षाला ११,९०४ युरो अडकवून दाखवावे लागतात, म्हणजे महिन्याला ९९२. कमाई शून्य धरूनही भागत असेल तर जायचं. पुढे काम मिळालंच तर ती चैन समजायची.

याच हिशेबात न्यूशातेल गेलं. आदल्या आठवड्यात तिने ते यादीत घेतलं होतं आणि ते सगळ्यात वर चढलं होतं, आणि स्वित्झर्लंडचा राहण्याचा खर्च कमाईशिवाय बसेना. ती रडली. मी पाण्याचा ग्लास पुढे केला आणि गप्प बसले. समजूत घालण्यासारखं काही नव्हतं. आवडलेली गोष्ट परवडत नाही म्हणून वाईट वाटत होतं. चार महिन्यांत पहिल्यांदा तिला एखादं ठिकाण इतकं हवंसं वाटलं होतं, हेही मी मनात टिपून ठेवलं.

दरम्यान एका एजंटने तिला तिसऱ्याच देशातल्या कॉलेजात 'शंभर टक्के होईल' असं सांगून दोन दिवसांत पैसे भरायला सांगितले होते. सल्ला फुकट होता. अशा ठिकाणी बहुधा कॉलेज एजंटला कमिशन देतं, आणि ते घेण्यात गैर काही नाही. पण मग तो सल्ला कुणाच्या बाजूने आहे ते लक्षात ठेवावं. मी तिला फक्त एवढंच विचारायला सांगितलं, "ज्या विद्यापीठाकडून तुम्हाला काही मिळत नाही, अशी दोन नावं सांगता का?" पुन्हा फोन आला नाही.

आता उरला होता मूळ प्रश्न. इतकी हुशार मुलगी चार महिने अडकते ती माहिती कमी पडते म्हणून नव्हे. तक्ता तिच्यासाठी ढाल होता. गुणांनी देश निवडला तर पुढे काही बिनसल्यावर म्हणता येतं, 'मी नाही, तक्त्याने निवडलं.' आणि बिनसण्याची भीती कुणाची? तिसऱ्या भेटीत ते बाहेर आलं. कर्जासाठी घर तारण ठेवायचं होतं.

चौथ्या भेटीला मी बाबांना बोलावलं. ते शांत गृहस्थ होते. बसल्या बसल्या म्हणाले, "दोन वर्षांत वसूल होईल असा देश सांगा, बस्स." मी म्हटलं, असा देश मला माहीत नाही. मग त्यांना एक विचारलं: "समजा पदवी घेऊन, नोकरी न मिळता ती परत आली. दार उघडल्यावर तुम्ही पहिलं वाक्य काय बोलाल?"

ते बराच वेळ बोलले नाहीत. मुलगी जमिनीकडे बघत होती. मग म्हणाले, "ये, म्हणेन. दुसरं काय म्हणणार? पण रात्री झोप लागणार नाही. हप्ता तर जायचाच ना."

मला हे उत्तर फार आवडलं, कारण त्यात खोटा दिलासा नव्हता. त्यानंतरचा तासभर आम्ही देशांबद्दल बोललोच नाही. ती परत येऊन इथल्या पगारात किती हप्ता भरू शकेल, त्यावरून कर्जाचा वरचा आकडा ठरला. तो आकडा बाबांनी स्वतःच्या हाताने कागदावर लिहिला, त्यांच्या मनातल्यापेक्षा बराच कमी. त्यात बसणारे अभ्यासक्रम तीन निघाले. घर तारण ठेवावं लागलंच, पण झोप उडेल एवढं नाही.

"आता यातलं कुठलंही चालेल?" तिने विचारलं. विचारलं बाबांना, मला नाही.

"तुला रोज उठून जे करावंसं वाटेल ते," ते म्हणाले.

तिने तिन्हीकडे अर्ज केले, दोन ठिकाणी प्रवेश मिळाला आणि ट्युबिंगेन घेतलं. निघण्याआधी मी तिच्या मागे लागले ते फक्त जर्मन शिकण्यासाठी. वर्ग इंग्रजीत असला तरी घरमालक, दवाखाना आणि पुढची नोकरी इंग्रजीत नसते. भूजलाच्या कामात तर तिथल्या सरकारी कार्यालयांशी रोजचा संबंध. पदवीनंतर तिथे काम शोधायला दीड वर्ष मिळतं, आणि त्यातलं अर्धं वर्ष भाषेतच जायला नको.

तिसऱ्या सेमिस्टरमध्ये तिचा मेल आला. प्रबंधाची तयारी आणि जर्मनचा पुढचा वर्ग एकदम झेपत नव्हता, एक पुढे ढकलावा लागणार होता. मी उत्तरात गमतीने विचारलं, "तक्ता केलास का?"

"नाही," तिने लिहिलं. "आधी बाबांशी बोलले. ते म्हणाले, वर्ग थांबव. मी प्रबंध पुढे ढकलला."