किडनी बदलल्यावर बाबांच्या फुफ्फुसात बुरशी कशी झाली?
तुम्ही विचारलंय: इंदूरला बाबांची किडनी बदलून चार महिने झाले, घर लख्ख, तरी फुफ्फुसात ॲस्परजिलस कसा? अहो, यात घराचा दोष नाही. या बुरशीचे बीजाणू हवेत असतातच, आपण सगळेच रोज ओढतो. नवी किडनी शरीराने नाकारू नये म्हणून बाबांची प्रतिकारशक्ती औषधांनी दाबलेली आहे, म्हणून ते रुजले. मेट्रोच्या खोदकामाची धूळ, कुंड्यांची माती, कूलरचा जुना वाळा यांपासून मात्र लांब ठेवा.

खरी मेख पुढे आहे. व्होरिकोनाझोल हे बुरशीवरचं औषध सुरू झालं की रक्तात टॅक्रोलिमस, म्हणजे प्रतिकारशक्ती दाबणारं औषध, चढतं आणि नव्या किडनीलाच इजा होऊ शकते. म्हणून टॅक्रोलिमसचा डोस साधारण एक तृतीयांशावर आणून पातळी वारंवार तपासतात. छातीच्या डॉक्टरांनी काय लिहिलं, ते किडनीच्या डॉक्टरांना त्याच दिवशी कळवा.