मराठी पुस्तकांसाठी परदेशी ग्रंथालयांच्या तयार नोंदी वापराव्यात का?

दादरमधील एका लहान सार्वजनिक ग्रंथालयाची तालिका (पुस्तकांची सूची) संगणकावर आणताना प्रत्येक मराठी पुस्तकाची नोंद नव्याने करावी की परदेशी ग्रंथालयांच्या तयार नोंदी उतरवून घ्याव्यात, असे आपण विचारले आहे. मुंबईत तालिकीकरणाचे काम करणारा म्हणून माझे स्पष्ट मत आहे की त्या अवश्य घ्याव्यात, परंतु देवनागरीत पूर्ण केल्याशिवाय वाचकांसमोर ठेवू नयेत.

अमेरिकेतील लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या तालिकेत मराठी पुस्तके एवढ्या संख्येने कशी, याचे उत्तर रेशनच्या गव्हापर्यंत जाते. पीएल-४८० या अमेरिकी कायद्याखाली भारताला विकलेल्या धान्याची किंमत रुपयांत जमा होत असे, आणि त्यातील काही रकमेतून १९६२पासून भारतीय भाषांतील पुस्तके विकत घेऊन अमेरिकी ग्रंथालयांना पाठवली गेली. ते रुपये संपल्यावरही सहभागी ग्रंथालयांनी स्वतःचे पैसे घालून ही खरेदी चालू ठेवली. नोंदी वाटून घेण्याची सोय त्याच काळात आकाराला येत होती: हेन्रिएट अ‍ॅव्हरम यांनी १९६०च्या दशकात संगणकाला वाचता येणारा, ग्रंथनोंदींचा मार्क आराखडा घडवला आणि १९७१मध्ये ओहायोतील महाविद्यालयीन ग्रंथालयांच्या केंद्राने, म्हणजे आजच्या ओसीएलसीने, सामायिक तालिकीकरण ऑनलाइन सुरू केले.

आपण कोहा ही ग्रंथालयांची संगणक प्रणाली वापरत असाल, तर झेड३९.५० (दुसऱ्या ग्रंथालयाच्या तालिकेत शोधण्याची प्रमाणित पद्धत) शोधातून लायब्ररी ऑफ काँग्रेसची नोंद विनामूल्य मिळते. जुन्या पुस्तकांना आयएसबीएन (पुस्तकाचा ओळखक्रमांक) नसतो, म्हणून लेखक व शीर्षकावरून शोधावे लागते, आणि खरी अडचण तेथेच येते. या नोंदी मुख्यतः रोमन लिपीत असून त्यांत शब्दाच्या शेवटचा अकारही लिहिलेला असतो. त्यामुळे आपण सवयीने टंकलेले स्पेलिंग अनेकदा जुळत नाही. मूळ लिपीसाठी मार्कमध्ये ८८० हे क्षेत्र आहे. ते रिकामे असल्यास शीर्षक, लेखक आणि प्रकाशक देवनागरीत भरावेत. हे काम आपल्याकडचा ग्रंथपाल पुस्तक हातात धरून जितके अचूक करील, तितके दूरच्या कोणालाही जमणार नाही.

लेखकांच्या नावांकडे तर विशेष लक्ष द्यावे. कविता कुसुमाग्रज या नावाने आणि नाटके वि. वा. शिरवाडकर या नावाने प्रसिद्ध झालेली असताना, दोन्ही नावे परस्परसंदर्भाने जोडली नाहीत तर वाचकाला निम्मेच साहित्य दिसते. निरनिराळ्या देशांच्या राष्ट्रीय ग्रंथालयांनी ठरवलेली नावांची रूपे व्हीआयएएफ या सामायिक ऑनलाइन नावसूचीत एकत्र पाहता येतात. नवे रूप ठरवण्याआधी तेथे पाहावे.

उतरवलेली नोंद आपल्याच प्रतीची आहे ना, हेही तपासावे. आवृत्ती आणि पुनर्मुद्रण यांत गल्लत सहज होते, आणि मुखपृष्ठाच्या आतील पानांवर केवळ शक दिलेला असेल तर महिन्यानुसार ७८ किंवा ७९ मिळवून इसवी सन काढावा लागतो.

दिवाळी अंक, संस्थांच्या स्मरणिका आणि स्थानिक मंडळांची प्रकाशने यांच्या नोंदी बाहेर सहज सापडणार नाहीत. त्या प्रथम स्वतः कराव्यात. कोहाचा स्वतःचा झेड३९.५० सर्व्हर सुरू करता येतो, म्हणजे ठाण्यातील किंवा शिकागोतील ग्रंथपालालाही त्या उतरवून घेता येतील.