रूट केलेल्या (म्हणजे सिस्टीमवर पूर्ण ताबा मिळवलेल्या) फोनवर बँकेचं अ‍ॅप उघडत नाही; रूट काढायचं कसं?

भाऊ, मॅजिस्क या रूट करायच्या अ‍ॅपने रूट केलं असेल तर त्याच अ‍ॅपमधून मॅजिस्क पूर्ण अनइन्स्टॉल करा. मूळ बूट इमेज (फोन सुरू करणारी फाईल) परत बसते, डेटा जात नाही. पण बूटलोडर (फोन सुरू होताना सिस्टीम लोड करणारा प्रोग्राम) उघडाच राहतो, त्यामुळे काही बँकांची अ‍ॅप तरीही अडतात.

बूटलोडर लॉक करण्याआधी कंपनीचं मूळ फर्मवेअर (फोनचं सिस्टीम सॉफ्टवेअर) फ्लॅश कराच, म्हणजे कॉम्प्युटरवरून फोनमध्ये टाका, नाहीतर फोन सुरूच न होण्याची भीती. लॉक करताना सगळं पुसलं जातं. सातबारा, पीकविम्याच्या पावत्या, फोटो आधी बाहेर काढून ठेवा. सॅमसंग असेल तर त्याची नॉक्स ही सुरक्षा यंत्रणा कायमची गेली, ती परत येत नाही.

आपल्या यवतमाळकडच्या खेड्यांत लाईन कधी जाईल नेम नाही. फ्लॅशिंग डेस्कटॉपवर नको, चार्ज केलेल्या लॅपटॉपवरच करा.